हाड आणि साज : मोटारगाडीच्या प्रतींचा इतिहास



इतिहासाच्या व्यासपीठावर किल्ले, लढाया, तह आणि वंशावळी यांना मानाचा पाट मिळतो. मोटारगाडीला तेथे सहसा कोणी बोलावीत नाही. परंतु माणूस काय विकत घेतो, चार प्रकारांतून एक कसा निवडतो आणि निवडताना कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवतो, हाही इतिहासच आहे. आणि तो आपल्या रोजच्या जगण्याला लढायांपेक्षा अधिक जवळचा आहे. म्हणून आज आम्ही एक वरकरणी हलका वाटणारा प्रश्न आपणापुढे ठेवणार आहोत. ऐटबाज, वेगवान, महागड्या मोटारीची एकच जात बाजारात चार-पाच प्रतींत मिळते. साधी प्रत, तिच्यावरची प्रत, तिच्याही वरची प्रत, आणि शेवटी जिला आपण सर्वजण ‘टॉप मॉडेल’ म्हणतो ती. यांतली कोणती घ्यावी, आणि ही पायऱ्यांची उतरंड मुळात आली कोठून?

हा प्रश्न अलिबागेत विचारावयास कारण आहे. २०२० सालच्या मार्च महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारी पोटात घेऊन येणारी बोट सुरू झाली. त्यापूर्वी माणूस लाँचने खाडी ओलांडून येई. मोटारीला मात्र पनवेल, पेण, वडखळ असा वळसा घालावा लागे. आता मुंबईची श्रीमंती चार चाकांवर बसून थेट आपल्या किनाऱ्यावर उतरते. सुटीच्या दिवशी चोंढीच्या नाक्यावर जमिनीला पोट टेकेल की काय अशी बसकी गाडी गुरगुरत गेली, की पोरे विचारतात, “ही टॉप मॉडेल का हो?” गाडी कोणती, हा प्रश्न दुसरा. प्रत कोणती, हा पहिला.

वाहनांनी अलिबागच्या इतिहासात हात घालण्याची ही पहिलीच वेळ नव्हे. मुंबईत विजेची ट्राम येणार असे ठरले, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय मोजमापे तिच्या विजेने बिघडतील हे उघड झाले आणि १९०४ साली चुंबकीय वेधशाळा अलिबागेस आली. ट्राम १९०७ मध्ये धावू लागली. पुढे १९६४ मध्ये ती बंदही झाली. वेधशाळा मात्र येथेच राहिली. ती बांधताना दगड सुद्धा चुंबकत्व नसलेला पाहून घेतला. इमारत दिसते कशी यापेक्षा ती कशाची बनली आहे, हे तेथे महत्त्वाचे होते. आजच्या आमच्या विवेचनाचे सूत्र हेच आहे. कोणत्याही वस्तूला एक हाड असते आणि एक साज असतो. वरची प्रत घेताना आपण हाडाचे पैसे देतो की साजाचे, हे ज्याला कळले त्याला निवड साधली.

आंग्र्यांचे आरमार

मोटारीकडे वळण्यापूर्वी आपल्याच दारातील एक उदाहरण पाहू. कुलाब्याच्या किल्ल्यासमोर उभे राहून वाहनांच्या निवडीबद्दल बोलावयाचे आणि कान्होजी आंग्र्यांना वगळावयाचे, हे योग्य होणार नाही.

सरखेल कान्होजींच्या आरमारात मुख्यतः दोन जातींची जहाजे होती. एक गुराब आणि दुसरे गलबत. रॉबर्ट ऑर्म या अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकाराने त्यांचे बारकाईने वर्णन केले आहे. गुराब बहुधा दोन डोलकाठ्यांची असे, काही तीन डोलकाठ्यांच्या असत. दोन काठ्यांची गुराब सुमारे १५० टनांपर्यंत, तीन काठ्यांची सुमारे ३०० टनांपर्यंत. लांबीच्या मानाने ती रुंद असे, पाणी फार थोडे घेई, आणि तिची नाळ पुढे लांब, निमुळती निघालेली असे. त्या नाळेवरून समोर मारा करता यावा म्हणून ९ किंवा १२ पौंडी गोळ्याच्या दोन तोफा पुढे रोखलेल्या असत. गलबत याहून लहान, फार तर ७० टनांचे. पण त्याला ४० ते ५० वल्ही असत. वारा पडला म्हणजे हीच गलबते गुराबांना दोर लावून ओढीत नेत आणि शत्रूच्या जहाजाच्या पिछाडीस आणून उभी करीत.

आता त्या काळी इंग्रजांकडे याहून मोठी, उंच, अधिक तोफांची आणि अधिक देखणी जहाजे होती. आजच्या भाषेत बोलावयाचे तर ‘टॉप मॉडेल’ त्यांच्याकडे होते. तरीही १७१८ साली खांदेरीवरचा त्यांचा हल्ला फसला आणि १७२१ साली इंग्रज व पोर्तुगीज या दोघांनी मिळून कुलाब्यावर केलेली स्वारीही फसली. त्याला कारणे अनेक होती; दोन मित्रांतील बेबनाव हेही त्यांपैकी एक. परंतु आंग्र्यांचे आरमार आपल्या किनाऱ्याच्या मापाचे होते, ही गोष्ट विसरून चालणार नाही. येथल्या खाड्या उथळ, मुखाशी वाळूचे दांडे, वारा लहरी. अशा ठिकाणी खोल पाणी घेणारे मोठे जहाज म्हणजे अंगणात बांधलेला हत्ती होय. दोन डोलकाठ्या की तीन, वल्ही किती, तोफा समोर की बाजूला, हे सारे फरक हाडाचे होते. त्यांपैकी प्रत्येकाचा जाब समुद्र विचारीत असे. साजाला तेथे वाव फार थोडा होता.

चासी एकाची, अंग दुसऱ्याचे

मोटारगाडी आली तेव्हा तिच्यातही हाड आणि साज यांची फारकत स्पष्ट होती. इतकी स्पष्ट, की दोन्ही वस्तू दोन निरनिराळ्या दुकानांत मिळत. कारखाना फक्त चासी विकीत असे. चासी म्हणजे पोलादी तुळयांचा सांगाडा, त्यावर इंजिन, चाके, गिअर, ब्रेक आणि सुकाणूचे चाक. गाडीचे अंग, म्हणजे दारे, छप्पर, आसने, रंग आणि काचा, हे सर्व घोड्यांच्या बग्ग्या बांधणारे कारागीर लाकडी चौकटीवर पत्रा ठोकून तयार करीत. म्हणूनच लँडो, फेटन, ब्रूहॅम ही बग्ग्यांची नावे मोटारींनाही चिकटली. रोल्स-रॉईससारखा नामांकित कारखाना दुसऱ्या महायुद्धापर्यंत केवळ चासीच विकीत होता. अंगासाठी गिऱ्हाइकाने हूपरकडे जावे, बार्करकडे जावे, अथवा आपल्या पसंतीच्या दुसऱ्या कोणाकडे जावे.

या व्यवस्थेचे सर्वांत झगमगते मराठी उदाहरण इंदूरचे. महाराज यशवंतराव होळकर, दुसरे, यांचा जन्म १९०८ चा. वडिलांनी १९२६ मध्ये राज्यत्याग केल्यावर ते गादीवर आले. ऑक्सफर्डला शिकलेला, आधुनिक कलेची उत्तम जाण असलेला हा तरुण राजा. माणिकबाग राजवाडा त्याने एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाकडून बांधून घेतला, आणि त्यातील खुर्च्या-दिवे यांचीही निवड स्वतः लक्ष घालून केली. मोटारींच्या बाबतीत त्याची नजर तशीच चोखंदळ होती.

त्या काळी अमेरिकेत इंडियानापोलिस शहरी ड्यूसेनबर्ग नावाची मोटार बनत असे. १९२८ च्या डिसेंबरात तिचा ‘जे’ हा नमुना न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मांडला गेला. एका ओळीत आठ नळकांडी, प्रत्येकाला चार झडपा, आणि कारखान्याच्या म्हणण्याप्रमाणे २६५ अश्वशक्ती. नुसत्या चासीची किंमत प्रारंभी ८,५०० डॉलर होती. त्याच सुमारास फोर्डची संपूर्ण गाडी सुमारे ५०० डॉलरला मिळे. १९३२ मध्ये ‘एसजे’ ही वरची प्रत निघाली. तिच्या इंजिनात जादा हवा दाबून भरणारे यंत्र, म्हणजे सुपरचार्जर, बसविलेले होते आणि शक्ती ३२० अश्वांपर्यंत चढली होती. शिवाय सांगाडा दोन लांबीत मिळे : पुढच्या व मागच्या चाकांत १४२.५ इंच अंतर असलेला आखूड, आणि १५३.५ इंचांचा लांब.

होळकरांनी ‘एसजे’ घेतली, आणि तीही लांब सांगाड्याची. मग ती चासी अटलांटिक ओलांडून लंडनला गेली आणि गर्नी नटिंग या कारागिरांनी तिच्यावर केवळ दोघांच्या बैठकीचे लांबलचक, सडसडीत अंग चढविले. रंग काळा आणि केशरी. एवढ्या लांब सांगाड्यावर सात-आठ माणसांची बैठक सहज बसली असती. त्याऐवजी दोघांसाठी तो वापरणे हा शुद्ध विलास होता, यात शंका नाही. तथापि या विलासात एक शिस्त होती, ती आपण पाहावी. इंजिन कोणते, हवेचे यंत्र हवे की नको, सांगाडा किती लांब, हे निर्णय एका कारखान्याशी. अंग, आसने, रंग हे निर्णय दुसऱ्या कारागिराशी. हाडाचे बिल वेगळे आणि साजाचे बिल वेगळे. आपण कशाचे किती देतो, हे गिऱ्हाइकाला लख्ख दिसत होते.

या गाडीचे कौतुक करताना तिचा पैसा कोठून आला हेही सांगणे प्राप्त आहे. संस्थानिकाच्या तिजोरीत येणारा पैसा अखेरीस रयतेचा. माळव्यातल्या शेतकऱ्याला हवेचे यंत्र असलेली प्रत आणि नसलेली प्रत यांतील फरक कधी विचारला गेला नाही. निवडीचे सुख एकाचे आणि भार अनेकांचा, असा तो काळ होता. १९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि १९६१ मध्ये यशवंतराव निवर्तले. ड्यूसेनबर्ग कारखाना तर १९३७ सालीच बंद पडला होता.

त्याच काळात फ्रान्समध्ये बुगाटीच्या कारखान्याने ‘५७’ हा नमुना काढला. १९३४ ते १९४० पर्यंत तो चालला. साधी ‘५७’, हवेचे यंत्र असलेली ‘५७ सी’, सांगाडा खाली बसविलेली ‘५७ एस’, आणि दोन्ही गुणांची ‘५७ एससी’. अंगांना निराळी नावे होती, त्यांपैकी स्टेल्व्हिओ, व्हाँतू आणि गालिबिए ही डोंगरांची व घाटांची नावे. म्हणजे अक्षर हाडाचे, नाव साजाचे. गाडीचे पूर्ण नाव उच्चारले, की तिच्यात काय आहे आणि तिच्यावर काय आहे, हे दोन्ही समजे. ही प्रामाणिक पद्धत होती. ती पुढे का राहिली नाही, हे आता पाहू.

शिवडीला आलेली शिडी

हेन्री फोर्ड यांनी १९०८ मध्ये ‘टी’ नमुना काढला. १९१४ पासून १९२५ पर्यंत तो केवळ काळ्या रंगात मिळे. प्रत एक, रंग एक, किंमत उतरती. साजाला त्यांच्याकडे स्थान नव्हते. दीड कोटी गाड्या विकल्या गेल्यावर १९२७ मध्ये तो नमुना बंद करावा लागला, कारण त्यांना मागे टाकणारी दुसरी कल्पना बाजारात आली होती.

ती कल्पना जनरल मोटर्सचे आल्फ्रेड स्लोन यांची. १९२३ मध्ये ते त्या कंपनीचे अध्यक्ष झाले. त्यांनी एकाच घरात पाच पायऱ्यांची शिडी उभी केली. सर्वांत खाली शेव्हरोले, तिच्यावर पाँटियाक, मग ओल्ड्समोबाइल, मग ब्यूक आणि माथ्यावर कॅडिलॅक. पगार वाढला की माणसाने एक पायरी चढावी, आणि शेजाऱ्याने ते पाहावे. १९२७ मध्ये त्यांनी रंगरूपाचे स्वतंत्र खातेच उघडले. दरवर्षी गाडीच्या रूपात थोडा फरक करावा, म्हणजे गेल्या वर्षीची गाडी चालती असूनही जुनी वाटेल, हे तंत्र त्या खात्याने पक्के केले.

या शिडीचे एक टोक आपल्या समोरच्या किनाऱ्याला टेकलेले होते. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे सुटे भाग जोडून मोटारी बनविण्याचा कारखाना काढला. १९५४ मध्ये तो बंद झाला, कारण सुटे भाग नुसते जोडणाऱ्यांना नव्हे तर येथे प्रत्यक्ष उत्पादन करणाऱ्यांनाच पुढे वाव द्यावयाचा, असे सरकारी धोरण ठरले होते.

दुसरी शिडी कुर्ल्याला उभी राहिली. सोलापूरचे वालचंद हिराचंद, ज्यांनी सिंधिया कंपनीची जहाजे समुद्रात सोडली आणि बंगळूरला विमानाचा कारखाना काढला, त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी करार झाला. कुर्ल्याच्या कारखान्यातून प्लिमथ, डॉज आणि डिसोटो अशा तीन नावांच्या मोटारी बाहेर पडू लागल्या. पण डॉज किंग्जवे आणि डिसोटो डिप्लोमॅट म्हणून जी गाडी विकली जाई, ती पाहता मूळची प्लिमथच होती. तोंडावरची जाळी निराळी, नाव निराळे, चकचकीत पट्ट्या निराळ्या. इंदूरच्या महाराजांनी एका हाडावर हवे ते अंग चढवून घेतले होते. येथे एकाच अंगाला तीन मुखवटे चढविले गेले. आणि मुखवट्याची किंमत हाडाच्या किंमतीत मिसळून गेली.

असे होण्यास यंत्रशास्त्रातील कारण आहे. लाकडी चौकटीचे अंग एकेक हाताने बनत होते, तोवर दहा गिऱ्हाइकांना दहा रूपे देता येत. पुढे सबंध अंग पोलादी पत्र्याचे, प्रचंड दाबयंत्राखाली साच्यातून निघू लागले. पुढे तर सांगाडा आणि अंग हे वेगळे राहिलेच नाहीत. दोन्ही एकाच पेटीत विलीन झाले. असा साचा बनविण्यास अफाट खर्च येतो, आणि तो भरून निघावयाचा तर एकाच साच्यातून हजारो गाड्या निघाल्या पाहिजेत. मग निरनिराळ्या ऐपतीच्या गिऱ्हाइकांना निरनिराळे काही द्यावयाचे कसे? हाड तेच ठेवून साज बदलावयाचा. आसनाचे कापड, चाकांच्या टोप्या, दिव्यांची कड, दारावरचा बिल्ला. या वस्तूंना कारखान्याला खर्च थोडा येतो आणि गिऱ्हाइकाकडून त्याची किंमत पुष्कळ मिळते. वरच्या प्रतीतील नफा बहुधा येथे असतो.

कुर्ल्यातच १९५४ पासून फियाट ११०० बनू लागली. पुढच्या वर्षांत तिची नावे पाहा : एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, डिलाइट. नावात ऐट किती, आणि फरक बहुतेक दिव्यांत, जाळीत आणि पट्ट्यांत. तीच गाडी १९७२ मध्ये प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये पद्मिनी. मुंबईच्या रस्त्यावरची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली, तेव्हा तिच्यावर लेख लिहिणाऱ्यांना सुपर सिलेक्टचा साज आठवला नाही. आठवले ते दणकट हाड.

परवान्यांच्या त्या काळात आपल्या देशात निवड हा शब्दच विनोदाचा होता. नाव नोंदवावे आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी. जी मिळेल ती प्रत, जो येईल तो रंग. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तेव्हा साधी आणि डिलक्स एवढी दोन नावे मध्यमवर्गाला पुरेशी वाटली. १९९३ मध्ये मोटारींच्या उत्पादनावरचा परवाना उठला आणि शिडीला भराभर पायऱ्या फुटू लागल्या. ज्या समाजाला चार दशके निवड मिळाली नव्हती, त्याला ती एकदम मिळाली. साहजिकच त्याने सर्वांत वरची पायरी म्हणजे सर्वांत चांगली वस्तू, असा सोपा हिशेब मांडला.

तीन अक्षरांचा धडा

हा हिशेब नेहमी खरा नसतो, हे दाखविण्यासाठी आता आम्ही वेगवान गाड्यांतील सर्वांत दीर्घायुषी घराण्याकडे वळतो. जर्मनीतील पोर्श कंपनीने १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात एक गाडी मांडली. प्रथम तिचे नाव ९०१ होते. मधे शून्य असलेल्या तीन अंकी नावांवर फ्रान्सच्या पेजो कंपनीने हक्क सांगितला, म्हणून ती ९११ झाली.

१९६८ च्या सुमारास या ९११ गाडीच्या तीन प्रती होत्या : ‘टी’, ‘एल’ आणि ‘एस’. टीला ११० अश्वशक्ती, एलला १३० आणि एसला १६०. बाहेरून तिघी सख्ख्या बहिणी. यांतील मधली ‘एल’ फार बोधप्रद आहे. एल म्हणजे जर्मन भाषेत लक्झस, अर्थात विलास. तिचे इंजिन मधल्या ताकदीचे, पण आतील साज बराचसा एसचा. ज्याला वेगापेक्षा आराम हवा त्याने एल घ्यावी, ज्याला खरोखर जोर हवा त्याने एस घ्यावी, आणि ज्याला त्या गाडीचा तोल व वळण एवढेच हवे त्याने टी घ्यावी. तिन्ही निवडी शहाणपणाच्या आहेत, मात्र निवडणाऱ्याला स्वतःचे मन ठाऊक हवे.

पुढे १९७२ साली याच गाडीची ‘कारेरा आरएस’ ही प्रत निघाली. शर्यतीत उतरण्याची परवानगी मिळावी म्हणून किमान ५०० गाड्या बनविणे भाग होते. प्रत्यक्षात १,५८० बनल्या. तिचे दोन मुख्य प्रकार होते. एक आरामाचा, आणि दुसरा हलका. हलक्या प्रकारात जाडजूड गालिचे काढले, मागची आसने काढली, दारांचा आतला साज काढून हात घालावयास साधी वादी लावली. वजन सुमारे १०० किलोने उतरले. हलक्या प्रकाराच्या सुमारे २०० गाड्या बनल्या. बाकी बहुतेक गिऱ्हाइकांनी जादा पैसे भरून आरामाचा प्रकार घेतला. आज संग्राहक त्या २०० हलक्या गाड्यांसाठी अधिक किंमत मोजतात. साज जेथे कमी तेथे मोल अधिक, असा हा प्रकार आहे. आमच्या संतांनी हे निराळ्या संदर्भात सांगितले असेल; येथे ते तराजूने सिद्ध झाले.

खरेदीदाराचे तीन प्रश्न

या सर्व इतिहासातून महागडी गाडी घेणाऱ्याला, आणि साधी स्कूटर घेणाऱ्यालाही, तीन प्रश्न सुचतात.

पहिला प्रश्न : वरच्या प्रतीत हाड बदलते की साज? इंजिन, ब्रेक, चाकांखालचे झेल, गिअर, वजन, हे हाड. रंगीत शिलाई, उजळणाऱ्या पट्ट्या, दारावरचे अक्षर, हा साज. साज घेऊ नये असे आमचे म्हणणे नाही. लग्नात शालू नेसणाऱ्या नवरीला कोणी सुती लुगड्याचे अर्थशास्त्र सांगत नाही. परंतु शालूचे पैसे देताना तो शालू आहे हे ठाऊक असावे. विक्रेते बहुधा एक खुबी करतात. हवा असलेला एक हाडाचा गुण आणि नको असलेले पाच साजाचे अलंकार यांची एकत्र मोट बांधतात. ती मोट सोडून पाहण्याचा हक्क गिऱ्हाइकाने बजावला पाहिजे. जे हाड आहे ते मागाहून बसविता येत नाही. साज बहुतेक वेळा मागाहून चढविता येतो.

दुसरा प्रश्न : आपली खाडी किती खोल? १६० अश्वांची ९११ एस ताशी सुमारे २२५ किलोमीटर धावे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारींची मर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे. कार्लेखिंडीचे वळण आणि पावसाळ्यातला वडखळचा रस्ता यांचा कायदा तर त्याहून कडक. तेथे चाकाखालचा खड्डा इंजिनावरचे अक्षर वाचीत नाही. बसकी गाडी, कठीण झेल आणि पातळ रबराचे टायर ही वरच्या प्रतीची भूषणे आपल्या रस्त्यावर दूषणे ठरू शकतात. येथे तीन काठ्यांच्या गुराबेपेक्षा वल्ह्यांचे गलबत बरे, हे सरखेलांना कळले होते.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि तो केवळ श्रीमंतांचा नाही : ज्या गोष्टीने जीव वाचतो, तिलाही प्रत असावी काय?

१९५९ मध्ये स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीतील निल्स बोहलिन या अभियंत्याने तीन ठिकाणी बांधला जाणारा आसनपट्टा तयार केला. कंपनीने त्याचा हक्क स्वतःपुरता राखला नाही; इतर कारखान्यांनाही तो वापरू दिला. जीव वाचविणारी वस्तू शिडीच्या वरच्या पायरीवर कुलूप लावून ठेवावयाची नसते, ही त्यामागची भावना. आपल्याकडे मात्र अनेक वर्षे उलटेच घडले. अपघातात क्षणार्धात फुगून छातीला व डोक्याला आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या, आणि ब्रेक दाबल्यावर चाक अडकून गाडी घसरू नये म्हणून केलेली योजना, या गोष्टी बऱ्याच गाड्यांत केवळ वरच्या प्रतीच्या गिऱ्हाइकाला मिळत. आसनाचे चामडे आणि बरगड्यांचे रक्षण एकाच यादीत, एकाच बिलात बसविले गेले. साध्या प्रतीत बसणाऱ्याच्या बरगड्या काय साध्या प्रतीच्या असतात?

अखेर कायदा आला. घसरण रोखणारे ब्रेक २०१९ च्या एप्रिलपासून सर्व नव्या मोटारींना बंधनकारक झाले. चालकासमोरची पिशवी १ जुलै २०१९ पासून. शेजारच्या आसनासमोरची २०२१ अखेरपर्यंत सर्वत्र. सहा पिशव्या सक्तीच्या करण्याचा विचार झाला, पण २०२३ मध्ये तो सरकारने सोडून दिला. त्याच वर्षी गाड्या आदळवून त्यांची सुरक्षितता मोजण्याची भारताची स्वतःची योजना सुरू झाली, आणि गिऱ्हाइकाला तारे मोजून हाड पाहण्याची सोय झाली. हा प्रवास पुरा झालेला नाही. पण दिशा योग्य आहे. साजाला हव्या तितक्या पायऱ्या असोत. प्राणरक्षणाला पायरी नसावी. ते सर्वांना जमिनीवरच मिळावे.

येथे आपल्या वाट्याचे कामही विसरून चालणार नाही. २०२२ च्या सप्टेंबरात पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्या शेजारी बसलेले सहप्रवासी मृत्यू पावले. गाडी उत्तम होती. मागच्या आसनावरील दोघांनी पट्टा बांधला नव्हता, असे पोलिसांना आढळले. पट्टा साध्या प्रतीत असतो, वरच्या प्रतीतही असतो. तो बांधणारा हात मात्र कारखाना देत नाही.

आपल्यापैकी फार थोडे जण बसकी, गुरगुरणारी, कोटभर रुपयांची गाडी घेतील. परंतु मुलाची पहिली मोटार, घरची स्कूटर, फार काय स्वयंपाकघरातले मिक्सर घेतानाही दुकानदार तीच शिडी पुढे करतो आणि बोट वरच्या पायरीकडे दाखवितो. त्या वेळी खजील होण्याचे कारण नाही, की उगीच उसळण्याचेही नाही. शांतपणे विचारावे : यात हाड किती, साज किती? आमच्या रस्त्याला हे झेपेल काय? आणि घरातल्या माणसाच्या जिवाला जे लागते, ते खालच्या प्रतीत तुम्ही का ठेवले नाही? हा तिसरा प्रश्न पुष्कळांनी पुष्कळ वेळा विचारला, म्हणजे कारखान्यांना तो ऐकावाच लागतो.

१७२९ साली कान्होजी आंग्रे गेले. त्यांची समाधी आपल्या गावात आहे. त्यांच्या गुराबांचे लाकूड केव्हाच कुजून गेले, शिडे फाटली, तोफा गंजल्या. त्यांच्या जहाजांचा साज कसा होता याची आज कोणी चौकशी करीत नाही. पण उथळ पाण्याची ती रुंद, नाळदार बांधणी इतिहासकारांनी मापे घेऊन लिहून ठेवली आहे. ज्याला आपली खाडी ठाऊक, त्याने नाव निवडावी. आणि निवडताना दुसऱ्याच्या शिडाच्या रंगाकडे पाहू नये, एवढेच सांगून आम्ही आपली रजा घेतो.